प्रोसेसर बदलायचा की नाही

माझ्या बाळांनो,

गेल्या रविवारी तुमचा बाबा म्हणाला, दिवाळीला आजोबांसाठी नवा कॉम्प्युटर पाठवतो. मी नको म्हटलं तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. तो पाठवून मोकळा व्हायच्या आत सगळी हकिकत तुम्हाला नीट कळवावी, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

ऑपरेशन झालं तरी आजोबांची नजर फारशी सुधारली नाही. मोबाईलवर तुम्ही त्यांना नुसते ठिपक्यांसारखे दिसता. कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर मात्र चेहरे ओळखू येतात, म्हणून रविवारचा फोन तिथूनच करायचा असं ठरलेलं. उन्हाळ्यापासून तिथलं चित्र बिघडायला लागलं. तुमचा आवाज यायचा, पण चेहरे थिजायचे. तुम्ही शाळेतलं काहीतरी सांगत असायचात आणि स्क्रीनवर कोणाचं तरी तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलेलं. आजोबा त्या चित्राकडे बघून मान डोलवत. फोन ठेवला की म्हणत, "आज जरा बरं दिसलं." तसं नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

त्याच वायफायवर माझ्या मोबाईलवर चित्र सुरळीत चालायचं. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा. आजोबांनी निकाल दिला की प्रोसेसर म्हातारा झाला, तो बदलायचा. घरात इंग्रजी वाचायचं खातं माझ्याकडे. प्रोसेसर ज्या पट्टीवर बसतो त्या मदरबोर्डची माहिती मी काढून वाचली. आजकालचा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड, मेमरी, विंडोज सगळंच नवं लागणार होतं. मग आपल्या कॉम्प्युटरचा नुसता पत्र्याचा डबा उरला असता. जुन्याच बोर्डावर बसेल असा थोडा दमदार प्रोसेसर मात्र सेकंडहँड मिळण्यासारखा होता. माझा रोह्याचा भाचा कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतो. त्याने तो मिळवून ठेवला, पण शिफ्टमुळे त्याला आमच्याकडे पेणला येणं जमेना. मग आम्हीच निघालो.

आजोबांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत बांधलं, रामवाडीच्या स्टँडवर एसटीत चढले आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. खाली ठेवा म्हटलं तर ऐकेनात. कंडक्टरने विचारलं, "काका, यात काय हाय?"

"नातवंडं," आजोबा म्हणाले.

"मग त्यांचं हाफ तिकीट काढावं लागंल."

नागोठण्यापर्यंत आजोबा एकटेच हसत होते.

भाच्याने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आत बघतच राहिला. मग मला हाक मारली. प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ तर होतीच, पण धुळीत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या, तांदळाचे दाणे होते आणि सगळ्यावर कुंकवाची लाली. दर दसऱ्याला आजोबा कॉम्प्युटरची पूजा करतात. कॅबिनेटच्या माथ्यावर हवेसाठी जाळी आहे, नेमकं तिच्यावरच हळदकुंकू, अक्षता आणि फुलं. इतक्या वर्षांचा प्रसाद आत साठला होता.

"काका, याला हवाच मिळत नाय," भाचा म्हणाला. "तापला की तो स्वतःच हळू चालतो. दुसरं काय करंल बिचारा?"

आजोबांनी कुंकू हलक्या कंपनीचं असणार असा शेरा मारला.

भाचा दोन्ही कामं एकदम करायला निघाला होता, सफाई आणि नवा प्रोसेसर. मी थांबवलं. दोन्ही एकदम केलं तर गुण कशाचा आला हे कसं कळणार? आधी जुनाच साफ करून लावू, मग बघू. आजोबांना ते पटलं नाही. एवढ्या लांब आलोय तर बदलूनच जाऊ, म्हणाले. पण भाच्याने माझं ऐकलं. ब्रशने पंखा स्वच्छ केला, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती पुसून नवी लावली, आपला स्क्रीन जोडला आणि तुम्हाला फोन लावला.

आमच्याकडे संध्याकाळ, तुमच्याकडे सकाळ होती. धाकटी समोर आली, हसली, बोलायला लागली. चित्र थांबलं नाही. आजोबा पुढे झुकले.

"तुझा पुढचा दात कुठं गेला गो?"

तू म्हणालीस, तो तर कधीच पडला, मी सांगितलं होतं ना. सांगितलं होतंस, बाळ. त्यांनी ऐकलंही होतं. पण पाहिलं त्या दिवशी.

तुम्ही बराच वेळ बोललात. नंतर भाचा म्हणाला, नवा प्रोसेसर बसवला तर मोठ्या गेमला फरक पडेल, या कामाला नाय. आजोबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

या दसऱ्याला त्यांनी कॅबिनेटला समोरून कुंकवाचं एकच बोट लावलं. फूल कीबोर्डशेजारी ठेवलं.

तेव्हा बाबाला सांगा, काही पाठवू नको. प्रोसेसर जुनाच आहे, चालतो आहे, आणि रविवारी आजोबांना तुमचे चेहरे दिसतात.