कुणाची मोटार कुणाच्या विहिरीवर

माझी मुलगी चित्रं काढते, असं बाबा लोकांना सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ते कसं वागेल याच्या आकृत्या काढणं हे माझं काम. एखादी वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते ते चौकटींत लिहायचं आणि कशामुळे जाते ते बाणांवर. बाबांचं आदिलाबादला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. एकदा त्यांना अशी आकृती दाखवली, तर चष्मा वर करून म्हणाले, "हे तर मी रोज करतो. कागद तेवढा वापरत नाही."

यंदा दिवाळीनंतर ते गेले. तेरवी झाल्यावर मी हैदराबादच्या ऑफिसला घरूनच काम करते असं कळवलं आणि सकाळचे दोन तास दुकानात बसू लागले. दुरुस्ती मिस्त्रीकाका करत. गिऱ्हाईक मात्र सगळं बाबांच्या डोक्यात असे, आणि ते डोकं आता नव्हतं. मला एकच उपाय येतो. मी भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि मोटारीच्या पाच अवस्था काढल्या: आली, उघडली, वायंडिंग झालं म्हणजे आतली तार नव्यानं भरली, तपासली, मालकानं नेली. पाच चौकटी, चार बाण. बघताना बरं वाटत होतं.

मिस्त्रीकाकांनी हात पुसत पुसत ते पाहिलं. "चित्र झकास हाय, ताई. पन मोटार अशी सरळ चालत नाही."

मग कशी चालते, असं मी विचारलं. ते भाऊलेच, म्हणजे बाबांनाच, माहीत, आपण फक्त मोटारीचं पोट पाहतो, माणसाचं नाही, असं म्हणून ते कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी भीमपूरकडचे एक काका आले. त्यांनी दसऱ्याला मोटार दुरुस्तीला टाकली होती. सोयाबीन निघालेलं, तेव्हा घाई नव्हती. आता हरभऱ्याला फुलं यायच्या आत एक पाणी द्यायचं होतं आणि हातात चार दिवस होते. मिस्त्रीकाका म्हणाले, ती तर तार भरून केव्हाच तयार ठेवली होती. पण दुकानात ती नव्हती.

तेव्हा त्या काकांकडूनच मला बाबांची पद्धत कळली. पिकाला पाणी हवं असताना कुणाला ते रिकाम्या हातानं जाऊ देत नसत. ज्याची मोटार जळाली त्याला, तोवर चालवा म्हणून, दुकानात तयार असलेली दुसऱ्या कुणाची तरी देत. तो दुसरा आला की त्याला तिसऱ्याची. प्रत्येक मोटारीवर ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहिलेलं असे, म्हणजे नाव एका गावाचं आणि पाणी दुसऱ्या गावाचं.

बाबांच्या फोनमधले नंबर काढून मी गिऱ्हाइकांना फोन लावत बसले. लोक विहिरीवर जाऊन मोटारीवरचं नाव वाचून सांगत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एक जण म्हणाला, "भाऊ बोलले होते, चालवा. आमी चालवून राह्यलो." भीमपूरची मोटार नार्नूरला सापडली, वांग्यांच्या वाफ्यांना पाणी देत होती. नार्नूरची त्यापुढच्या एका गावात होती. आणि त्या गावची आमच्याच टेबलावर, पोट उघडून पडलेली. तिची तार नागपूरहून यायला आठ दिवस होते. माझा कागद बाणांनी कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला, पण कुठूनही सुरुवात केली तरी एक मोटार कमीच पडत होती. बाबा असते तर काकांना पाणी मिळालं असतं, एवढं मला त्या कागदावर स्पष्ट दिसत होतं.

कागद गुंडाळून घरी नेला. भीमपूरच्या काकांना उद्या नाही कसं म्हणायचं, ते मी जेवताना आईला विचारलं. तेरवीपासून ती फारशी बोलत नव्हती. तिनं कागद जमिनीवर पसरायला लावला, चष्मा आणला आणि बोट फिरवत सगळा वाचला.

"यात आपली विहीर कुठं हाय?"

मी म्हटलं, हे दुकानाचं चित्र आहे, घर त्यात येत नाही. सगळ्यांभोवती काढलेली मोठी चौकटही दाखवली. आमच्या कामात आधी सीमा ठरवावी लागते, आत काय आणि बाहेर काय.

"कोणं ठरवली?" आई म्हणाली. "तुह्या बाबांनं दोनदा घरची मोटार काढून देल्ली. मी आठ-आठ दिवस दोर ओढला. तू होस्टेलला होती, तुले काय आठवन."

सकाळी मिस्त्रीकाकांनी मावला गावातल्या आमच्या घरच्या विहिरीवरची मोटार सोडली. भीमपूरचे काका टेम्पो घेऊन आले, पण ती उचलेनात. घरात दुःख असताना घरचं पाणी तोडून कसं नेऊ, असं त्यांचं म्हणणं. आई दारातूनच म्हणाली, "अन् हरभरा थांबते का?" मग मोटार गेली.

पुढचे दिवस आम्ही दोघी दोर ओढत होतो. माझ्या तळहातांना फोड आले. आई माझ्या दुप्पट वेगानं बादल्या काढी आणि शहरातल्या बाया कशा असतात यावर मत देई. ऑफिसच्या मीटिंगला मी ओल्या बाह्यांनी बसे.

तिसऱ्या संध्याकाळी काकांचा फोन आला. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं होतं, रान पुरतं भिजलं होतं. आईला सांगा म्हणाले. मी ओसरीवर जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले म्हन, घाटे भरले की हिरव्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन ये. तुह्या बाबाले लय आवडत."

फोन चालूच होता. काकांनी ते ऐकलं होतं. ते म्हणाले, "आनतो, माय."