ताटाशेजारची फरशी

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानाच्या माडीवर आरशासमोर उभा राहून रसिकासारखं बोलायचा सराव करत होतो. तोंडात पान, मान किंचित वाकडी, "या चित्रात... काहीतरी आहे." एवढ्यात दाजींच्या शेजारचा हातमागवाला नरसय्या धापा टाकत जिना चढून आला. "शेटजी, चला की! मास्तर बोलंना झालेत." मला वाटलं, अक्काशी भांडण झालं असेल. मी चक्क हसलो. तासाभरापूर्वीच तर दाजी त्या जिन्यावरून उतरले होते, "भाकरी खाऊन आलोच" म्हणून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, शाळेत ड्रॉइंग मास्तर. वाचनालयाच्या दिवाणखान्यात कायमची लावायला दरवर्षी लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं निवडायची ठरली, तेव्हा मुख्य पंच ते, दुसरे एक वकीलसाहेब आणि तिसरा मी. माझी अक्कल कापडाच्या पोतापलीकडं जात नाही, पण पंचांना बसायला माडी माझी होती. दाजींची रीत अशी, की नावांवर कागदाची पट्टी चिकटवायची, प्रत्येक चित्र एकदाच बघायचं आणि सगळी भिंतीकडं तोंड करून ठेवायची. "आता घरी जाऊन जेवा. जेवल्यावर जे आठवेल तेच ठेवायचं." पहिल्या वर्षी जेवल्यावर मला फक्त वांग्याचं भरीत आठवलं, आणि मी तसं सांगितलंही.

त्याच वर्षी दाजी एक चित्र हातात घेऊन खो खो हसले होते. "अहो, हिचा पदर उजव्या खांद्यावर कसा? ही बाई आरशातनं आली काय?" ठशावर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, हे नवशिका विसरतो. चित्र बाद झालं. पट्टी काढली तर खाली अक्काचं नाव! दाजी शाळेत गेले की त्यांच्याच पटाशीनं तिनं कोरलेलं. घरी जाऊन ते म्हणाले, "मला विचारायचंस तरी." अक्का म्हणाली, "तुमी हसला असता."

त्यानंतर तिनं पटाशीला हात लावलेला त्यांना दिसला नाही. यंदा मात्र तिनं आरसा समोर धरून पुन्हा कोरलं आणि माझ्या हाती गुपचूप पाठवलं. "त्यांना सांगितलंस तर भाऊबीजेला पाट मांडणार न्हाय." त्या दुपारी दाजी त्या चित्रापाशी जरा जास्त थांबले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी वकीलसाहेबांच्या छत्रीचं बारकाईनं निरीक्षण करत राहिलो. चित्र भिंतीकडं वळवून दाजी जेवायला गेले...

दाजींचे तेरा दिवस झाल्यावर वकीलसाहेब माडीवर आले. चित्रं तशीच पाठमोरी होती. "मागावर दोरे लावणारी ती बाई," ते म्हणाले, "दुसरं काही आठवत नाही हो." मलाही तीच आठवत होती, पण माझं काय, मला नाव ठाऊक होतं. आम्ही तेच चित्र निवडलं. अक्काला सांगायला धावत गेलो, तर तिनं ऐकल्यासारखं केलं आणि दाजींच्या पाटाशेजारच्या फरशीकडं बोट दाखवलं.

जेवताना डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून, आठवेल ते शहाबादी फरशीवर रेखाटायची दाजींची सवय.

"त्या दिवशी बी काढलं रे. बाई काढली, माग काढला. पदराशी बोट थांबलं. मग डाव्या खांद्यावरनं सोडला, माझ्याकडं बघून हसले, हात धुवायला उठले आणि..." ती थांबली. "मी तिकडं धावले. नंतर येऊन बघते तर फरशी कोरडी. ती बाई मी कोरलेली, हे त्यांना कळलं होतं का रे?"

मी वाकून त्या कोरड्या फरशीवरून नुसताच हात फिरवला.

परवा तिच्याकडं जेवायला गेलो, तेव्हा चुकून पाण्याचा तांब्या त्याच फरशीवर ठेवला. अक्कानं तांब्या उचलून बाजूला ठेवला, आणि खाली उमटलेलं ओलं कडं वाळेपर्यंत आम्ही दोघंही हात आखडून तसेच बसून राहिलो.