मोठ्या धक्क्याला गप्प बसलेली डबी

२०१८च्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. मी डहाणूत शेतीपंपांचे कंट्रोलर दुरुस्त करायचे आणि मावशी तलासरीकडच्या एका पाड्यावर एकटी राहायची. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. म्हणून मी तिला एक डबी करून दिली. त्यातला सेन्सर हादरे मोजायचा आणि मावशीने बटण दाबलं की मला मेसेज यायचा, ‘सुखरूप’. मेसेज गेला की तिच्याकडे हिरवा दिवा लागायचा.

लहान धक्क्यांना हे सगळं नीट चाललं. मग एका दुपारी मोठा धक्का बसला, माझ्या कामाच्या फळीवरचे स्क्रूचे डबे खाली आले. पाठोपाठ जमीन पुन्हा पुन्हा थरथरत राहिली. मेसेज मात्र आला नाही. मी लॅपटॉप पिशवीत टाकून निघाले, पुढे कासा नाक्यावरून जीप मिळाली. वाटेत माणसं घरं सोडून शेतात बसलेली दिसत होती. मावशीच्या खाटेमागची भिंत डोळ्यांपुढून हलेना.

मावशी अंगणात बसली होती, डबी पोटाशी धरून. भिंतीला तडा गेला होता. मला बघून ती रडायलाच लागली.

“कधीची दाबतेय गं. दिवा लागेना, मला वाटलं डहाणूच पडलं.”

तिथेच लॅपटॉप उघडला. डबीतला मोडेम, म्हणजे मेसेज पाठवणारा भाग, डबीचा मेंदू असलेल्या कंट्रोलरला एकेक अक्षर पाठवतो. ते लगेच उचललं नाही, तर पुढचं अक्षर येऊन ते वाया जातं. हादरा जाणवला की सेन्सरही कंट्रोलरला हाक मारतो; मी त्या हाकेला पहिला मान दिला होता आणि प्रत्येक हाकेला हादरा केवढा याचा लांबलचक हिशेब लावला होता. जमीन थांबेना, हाका थांबेनात, आणि त्या गर्दीत मोडेमचं ‘तयार आहे’ हे उत्तर अर्धवट हरवलं. कंट्रोलर त्याची वाट बघत अडकला.

मी क्रम बदलला. मोडेमचं अक्षर आधी उचलून रांगेत ठेवायचं, सेन्सरने नुसती खूण करायची, हिशेब मागाहून. मग डबी दोन्ही हातांनी गदागदा हलवत मावशीला बटण दाबायला सांगितलं. तेवढ्यात जमीनच खरोखर हलली. मावशीने माझा दंड घट्ट धरला, पण दुसऱ्या हाताने बटण दाबलं. दिवा लागला, माझा फोन वाजला.

डहाणूला चल म्हटलं, तर कोंबड्या कोण बघणार म्हणाली. पुढे मेसेज चुकला नाही. तरी धक्का बसला की फोन वाजेपर्यंत मी हातातलं काम टाकून त्याच्याकडेच बघत राहायचे.