थोरल्याच्या स्प्रिंगा

इंदापूरच्या एसटी थांब्यामागं मोटारसायकली दुरुस्त करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दादा वारल्यावर त्याची मोटारसायकल माझ्याकडे आली होती. दादा ताडमाड उंच, मी बुटका. कुठं थांबायचं तर पाय टेकायला मला आधी दगड शोधावा लागे.

त्या माणसानं मला गाडीवर बसवलं. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. खाली उकिडवं बसून माझी टाच आणि जमीन यांच्यामध्ये बोटं घालून मोजलं. चार बोटं. मग धोतराला हात पुसत म्हणाला, “गाडी कुणाची?”

“थोरल्या भावाची.”

“त्ये परत बसणार असतील तर शिटाच्या स्प्रिंगा कापत न्हाय. दुसऱ्या आखूड घालतो. काय करू?”

‘कापा’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “बसणार आहे तो.”

निघताना त्यानं जुन्या स्प्रिंगा फडक्यात बांधून हातात दिल्या. “तेल लावत जावा. न्हायतर त्ये येईस्तवर गंजून जातील.”

मोटारसायकल पुढं विकली. खंडेनवमीला ते फडकं मात्र मी अजून सोडतो.

एकही स्प्रिंग गंजलेली नाही.