बिनआरशाचा कॅमेरा

दोन वस्तूंमधून एक निवडायची वेळ आली की आमचे दाजी जेवढे खुलतात, तेवढा खुललेला माणूस मी उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही. नवरदेव वरातीत खुलतो, पुढारी निकालाच्या दिवशी खुलतो. दाजी मात्र दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली की खुलतात. बाह्या वर सरकवतात, हात चोळतात आणि "हां, आता येऊ द्या मजा!" असं इतक्या मोठ्यानं म्हणतात की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून यांच्याकडे बघत राहतात. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते केडगावला राहतात, मी शिरूरला शाळेत शिकवतो. मधे तासाभराचा रस्ता आहे, पण दाजींना काहीतरी निवडायचं असलं की तो रस्ता पाच मिनिटांचा होतो आणि सकाळच्या चहाला ते आमच्या दारात हजर असतात.

तीस वर्षं त्यांनी सणसवाडीच्या एका कारखान्यात तयार माल तपासला. आलेला नग हातात घ्यायचा, मापायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. माप घ्यायचा व्हर्नियर अजून सदऱ्याच्या खिशात असतो. बुधवारच्या बाजारात वांगी घेताना त्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा भाजीवाल्या मावशीनं, "आता ह्याला काय इस्क्रू बसवायचाय का?" असं विचारलं होतं. घरात पंखा घ्यायचा होता तर दुकानात दोन पंख्यांखाली ते आलटून पालटून अर्धा अर्धा तास बसले. तिसऱ्या पाळीला झोपले. एवढं करून वस्तू एकदा घरी आली की त्यांची सगळी रया जाते. दोन दिवस "दुसरा घ्याया पायजे व्हता" म्हणत घरभर फिरतात. त्यांच्या या स्वभावाला अपवाद एकच. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, तो हसत सांगते. "मला बघाया आले तवा कपातला च्या संपायच्या आत व्हय म्हनले. दुसरी पोरगी बघितलीच न्हाई. तवा कुठं गेली हुती ह्यांची तपासनी?" यावर दाजी लाजतात. साठी उलटलेला माणूस लाजताना बघायचा असेल तर तेवढ्यासाठी केडगावला जावं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ते असेच आमच्या दारात उभे राहिले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "पाव्हणं, कॅमेरा घ्यायचाय."

कारण आनंदाचं नव्हतं. दाजींचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, घरातले शेवटचे मेंढरं राखणारे. भावकीतल्या बाकीच्यांनी कधीच ऊस धरला, नोकऱ्या धरल्या. आप्पांनी शंभरेक मेंढरं काही सोडली नाहीत. पण आता गुडघे बोलायला लागले होते, मुलं कंपनीत कामाला, आणि दिवाळी झाली की कळप विकायचं आप्पांनी ठरवलं होतं. "इकायच्या आधी समद्या मेंढरांचं फोटू काढून ठिवायचं," दाजी म्हणाले. "एकेकाचं. फोनवर काढून बघितलं, तर नुसती काळी गाठोडी दिसत्यात."

अंगणात बसून त्यांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला. एका बाजूला छोटा, खिशात मावणारा कॅमेरा, ज्याची लेन्स त्याच्यातच बसवलेली असते. दुसऱ्या बाजूला पहिल्या पायरीचा मिररलेस, त्याची लेन्स काढता घालता येते. मधे बेचाळीस रकाने. छोट्याचा झूम लांबवर जातो, म्हणजे बांधावरून पलीकडचं कोकरू टिपता येतं. मिररलेसचा सेन्सर मोठा, म्हणजे पहाटेच्या उजेडातही लोकर केस न् केस दिसते, आणि डोळा लावायला खिडकी असल्यामुळे उन्हातही अडचण नाही. पण लेन्स बदलताना मेंढरांची धूळ आत गेली तर? दाजींनी त्या रकान्यात तीन प्रश्नचिन्हं काढली होती. आणि एक शंका त्यांना आठवडाभर छळत होती. "मिररलेस म्हंजी आरसा न्हाई. म्हंजी एक वस्तू कमीच दिली की! आन् तरी त्योच वरच्या दर्जाचा कसा?" मी त्यांना, आरसा काढल्यामुळे कॅमेरा हलका होतो वगैरे वाचलेलं सांगितलं. ते इतके खूश झाले की उठून दोन फेऱ्या मारल्या आणि त्रेचाळिसावा रकाना आखला : वजन.

आता वजन कागदावर वाचून समजणारा माणूस वेगळा. दाजींनी दुसऱ्याच दिवशी छोट्या कॅमेऱ्याच्या वजनाचे कांदे रुमालात बांधून खिशात घातले, मिररलेसच्या वजनाचा गुळाचा खडा फडक्यात बांधून गळ्यात अडकवला, आणि दिवसभर आप्पांच्या मेंढरांमागे फिरले. दुपारपर्यंत गूळ पाघळला. मग कळपातल्या एडक्याला त्याचा वास लागला. तो मागं, दाजी पुढं, असे ते दोघं काढलेल्या बाजरीच्या रानातून पळाले, तेव्हा आप्पा बांधावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी दाजींचा मला फोन. आवाजात कसली म्हणून खंत नाही, उलट शोध लागल्याचा थरार! "पाव्हणं, मिररलेसला एक मार्क वाढला. झूमची गरजच न्हाई. मेंढरं आपसूक जवळ येत्यात!"

पुण्यातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी दुकानदारानं विचारण्याआधीच दोन्ही कॅमेरे काढून ठेवले आणि तो जेवायला निघून गेला. दिवाळी झाली, तरी दाजी एकोणीस विरुद्ध एकोणीस गुणांवर अडकलेले. पाच रकाने 'विचाराधीन' होते. कळप न्यायला गाडी पुढच्या सोमवारी येणार होती, म्हणून आम्ही अलीकडच्या मंगळवारी चौथ्यांदा गेलो. दाजींच्या उजव्या हातात मिररलेस, डाव्या हातात छोटा, चेहऱ्यावर परमानंद. तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले म्हणून मी त्यांच्या खिशातून काढून त्यांच्या कानाला लावला.

आप्पांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आरं, त्यो मेंढरं घेनारा पाव्हणा आजच गाडी घिऊन येतोय. चारपर्यंत पोचतो म्हनला. तू कुठं हायस?"

दुकानातल्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. दाजींच्या कपाळावर घाम आला. ते एकदा उजवीकडे बघत, एकदा डावीकडे. तीस वर्षांत किती नग त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता रिजेक्ट केले असतील, पण आता त्यांना एकही हात खाली घेता येईना.

"सायेब," ते दुकानदाराला म्हणाले, "ह्यातला कुठला आत्ता, ह्या घडीला, फोटू काढंल?"

"नव्या बॅटऱ्या चार्ज करायला वेळ लागेल, काका. तुमच्या उजव्या हातातला आमचा दाखवायचा नग आहे, त्याची बॅटरी फुल आहे. कार्ड टाकून देतो."

"पास!" दाजी ओरडले. त्रेचाळीस रकान्यांचा निकाल असा लागला.

पुढचं सांगताना मलाच धाप लागते. हडपसरला गाड्या तुंबलेल्या. मी गाडी चालवतोय, दाजी शेजारी माहितीपुस्तिका वाचतायत, मधेच काच खाली करून ट्रकचा फोटो काढतायत आणि "आला! आला! फोटू आला!" म्हणून माझ्या मांडीवर थापा मारतायत. यवत मागं पडलं तेव्हा दोन वाजले होते. रानात पोचलो तर गाडी अजून आली नव्हती. दाजी चपला तिथंच सोडून कळपात घुसले. त्या लेन्सला लांबचं दिसत नव्हतं, म्हणून ते गुडघ्यांवर बसले, पोटावर झोपले, एका म्हाताऱ्या मेंढीच्या नाकाला नाक लावून फोटो काढले. आप्पा काठी टेकून एकेकीचं नाव सांगत होते : मोरी, बांडी, लंगडी, सवत. दाजींनी त्यांच्याकडे कॅमेरा वळवला, तसे आप्पा डाफरले, "माझं काय काढतुस? मी कुठं इकला जातोय? मेंढरांचं काढ!" थोरल्या भावाचा शब्द दाजींनी कधी मोडलेला नाही. तिथून पुढं आप्पा दिसतील त्या बाजूला त्यांनी कॅमेरा नेलाच नाही. चारला गाडी आली, साडेचारला गेली. कार्डात अकराशे फोटो होते. आणि नवलाची गोष्ट म्हणजे, "दुसरा घ्याया पायजे व्हता" हे वाक्य दाजींच्या तोंडून या खेपेला आलंच नाही.

चार दिवसांनी मी केडगावला गेलो, तर दोघे भाऊ ओट्यावर बसून कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर फोटो बघत होते. आप्पांचं बघून झालं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तेही झालं. तेव्हा ते म्हणाले, "ह्यात चांदी न्हाई रं."

चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी. आई मेलेली, आप्पांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. ती कधी कळपात चरायचीच नाही, कायम आप्पांच्या पायाशी. आणि आप्पांना तर दाजींनी अकराशे फोटोंमधून कसोशीनं वगळलं होतं. दाजींनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. एका कोपऱ्यात तिचा अर्धा कान सापडला, बस. ते आत गेले, कळप घेणाऱ्याला फोन लावून त्याचा ठावठिकाणा विचारून आले आणि मला म्हणाले, "पाव्हणं, गाडी काढा."

दौंडच्या पलीकडे भीमेच्या काठी तो कळप चरत होता. आता तो दुप्पट मोठा झालेला, सगळ्या पाठी सारख्याच काळ्या. आप्पा गाडीतून उतरले, काठी टेकत दहा पावलं गेले आणि जिभेनं नुसता टक् टक् आवाज केला. पार लांबून एक मान वर झाली. मग ती मेंढी सगळ्या कळपातून वाट काढत आली आणि आप्पांच्या धोतराला कपाळ घासत उभी राहिली. आप्पा वाकले. या वेळी दाजींनी कुणाची परवानगी विचारली नाही. त्यांनी एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला. "आणखी एक-दोन काढा की," मी म्हणालो. त्यांनी लेन्सवर झाकण बसवलं.

परत निघालो तेव्हा चांदी रस्त्यापर्यंत आमच्या मागं आली. नव्या मालकानं हाक मारली तशी थबकली, आणि मग हळूहळू माघारी गेली. दौंड मागं पडलं. एका वळणावर आप्पांनी मागच्या सीटवरून हात पुढं केला, दाजींनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मी आरशात पाहिलं. आप्पांनी तो सुरू केला नाही, फोटोही बघितला नाही. कोवळं कोकरू मांडीवर घ्यावं तसा, दोन्ही तळवे खाली घालून, रस्त्याचे खड्डे त्याला लागू नयेत अशा बेतानं ते तो केडगावपर्यंत धरून बसले.