हँडल मारण्याआधीचा आवाज

आधीच सांगतो, भूतखेत, लिंबू-मिरची, अंगात येणं... या सगळ्याला मी थोतांड म्हणत आलोय. आजही म्हणतो.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी यवतमाळला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो. राळेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधून बोलावणं आलं — जनरेटर कधी चालू होतं, कधी नाही. झालंच तर घटकाभरात बंद.

जाऊन बघतो तर दसऱ्याच्या पूजेत या शहाण्यांनी डिझेल टाकीच्या झाकणाला शेंदूर थापलेला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, नेमकं तेच बुजवलं. हवा आत शिरली नाही तर डिझेल खाली उतरणार कसं? पण एवढी अक्कल असती तर मला कशाला बोलावलं असतं. मी शेंदूर खरवडला, नळीतली हवा काढली. मालक हात जोडून उभा, जसा काही मीच पुजारी.

हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं... नाही. डिझेल येत होतं, दाब चांगला होता, तरी ढिम्म. चारचौघांत अब्रू जायची वेळ आली.

तेव्हा गोमलीबाई पुढे आली. तांड्यावरची म्हातारी, तिथेच मजुरीला. आधीचे इंजिन ड्रायव्हर रहीमचाचा त्या उन्हाळ्यात वारले होते. या चिक्कू मालकानं मधे स्विचसुद्धा बसवलं नव्हतं. जनरेटर सुरू झालं, की शेडमधले सरकी काढणारे रेचे फिरलेच. एका बाईची बोटं गेल्यापासून चाचा आधी शेडच्या दारात "कोई है क्या अंदर?" अशी हाक मारायचे, मगच हँडलला हात लावायचे.

"तुमी बी आवाज द्या ना मिस्त्री," ती म्हणाली. "त्याबिगर ते चालू नाही होत."

मला हसूच आलं. यंत्राला म्हणे हाक लागते! पण यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून दारात गेलो आणि नक्कल केल्यासारखा ओरडलो, "कोई है क्या अंदर?"

रेच्याखालून गोमलीबाईची सून सरपटत बाहेर आली. अडकलेला कापूस काढायला शिरली होती, कुणालाच पत्ता नव्हता. मघाशी जनरेटर सुरू झालं असतं तर... ती मात्र माझ्यावरच चिडलेली.

"किती डाव सांगू? तुमी आवाज देऊन राह्यले, मी थांबा म्हनून राह्यली. पुन्हा तुमचं तेच."

पुढच्याच हँडलला जनरेटर सुरू झालं. मधे मी एक नटसुद्धा फिरवला नव्हता. याचं कारण मला अजून सापडलेलं नाही... आणि मी हाक एकदाच मारली होती, हे त्या बाईला मी सांगितलं नाही.