बायको बसेल अशी सायकल

आमच्या हिंगोलीकडच्या पुसेगावापासून नरसीपर्यंतच्या पट्ट्यात सायकलला सीट बसवणारे पुष्कळ झाले असतील, पण बायको बसेल अशी सायकल बनवणारा मी एकटाच. कुणाला शंका असेल तर त्यानं येऊन बघावं. सायकल अंगणात आहे, बायको घरात आहे. दोघींपैकी कुणालाही विचारा.

सगळी भानगड एका रोह्यापासून सुरू झाली. रोही म्हणजे नीलगायीचा नर. आम्ही दोघं मोटारसायकलवरून येत होतो आणि तो तुरीतून उडी मारून रस्त्यावर आला. ही गोष्ट सांगताना तो दरवेळी थोडा वाढतो. पहिल्या वर्षी खोंडाएवढा होता, आता उंटानंही मान वर करून बघावं एवढा झालाय. गाडी आडवी झाली. मला नुसतं खरचटलं, बायकोचा हात कोपरात मोडला. हात जुळून आला, पण त्या दिवसापासून ती माझ्या मागं बसेना.

तिचं माहेर नरसी. ती काळीपिवळी जीपमधे कोंबून जायची आणि मी रिकाम्या सीटची मोटारसायकल घेऊन जीपमागं धूळ खात जायचो. रस्त्यावरची माणसं हाका मारायची, "काहून भाऊ, पळून चालली का?" हिंगोली जिल्ह्यात बायको समोरच्या गाडीत आणि नवरा मागच्या गाडीवर, असं जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मी समजावलं, विनवलं, चहा करून पाजला. शेवटी ती चुलीपुढून ओरडली, "बसल्या बसल्या माझे दोन्ही पाय भुईला लागतील अशी गाडी आना, मंग बसते!"

तिला वाटलं, विषय मिटला. मला वाटलं, ऑर्डर मिळाली.

पुतण्या पुण्याला नोकरीला. त्यानं डोंगरात चालवायची सायकल घेतली होती. जाड टायर, गिअर, मागच्या चाकात मोटार, दांड्यावर बॅटरी. तिथं ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडं सोडून गेला. आमच्या गावात डोंगर म्हणावा असा एकच, आमचा उकिरडा. पण सायकल ढेकळातूनही अशी पळायची की कुत्री भुंकायचं विसरून नुसती बघत राहायची. खोट एकच. मागं बसायला काही नाही, साधं कॅरिअरसुद्धा नाही. ज्यानं ती काढली त्याचं लग्न झालेलं नसावं.

पुसेगावात एक वेल्डिंगवाला आहे. नांगर, फाटकं, पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं करतो. त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली.

"काका, हिच्यावर बसवायचं कोनाला?"

"तुझ्या काकूला."

त्यानं काळा चष्मा कपाळावर चढवला. "काकूला इचारलं का?"

"तू वेल्डिंग कर."

नशिबानं सांगाडा लोखंडी निघाला. त्यानं मागच्या चाकावर चौकट जोडली, मी तिच्यावर जुन्या स्कूटीची सीट ठोकली. बायकोला घेऊन पहिली चाचणी करण्याएवढा मी येडा नाही. हळदीचं पोतं बांधलं, अंगठ्यानं मोटारीचा खटका दाबला, आणि पुढचं चाक वर उठलं. मला फक्त आभाळ दिसत होतं. त्या आभाळातली घार माझ्याकडं बघून बाजूला सरली.

ओट्यावरून वडील ओरडले, "उलाळ झाली रे!"

बैलगाडीत माल मागं जास्त झाला की धुरा वर जातो, त्याला उलाळ म्हणतात. वडिलांचा जन्म गाडी हाकण्यात गेला.

"बैल जुंपलेले असते तर लटकले असते," ते म्हणाले. "वजन चाकाच्या म्होरं घे."

वजन पुढं घ्यायला जागा नव्हती, म्हणून आम्ही चाकच मागं नेलं. वेल्डिंगवाल्यानं दोन लोखंडी हात जोडून मागचं चाक हातभर लांब केलं. दोन साखळ्यांची एक साखळी झाली. सीट आता दोन चाकांच्या मधे आली आणि चांगली खालीही गेली, इतकी की बसून बघितलं तर माझेच गुडघे मुडपायला लागले. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या लावल्या.

"काका, आता हिला गार्ड लागंल मागच्या डब्यात," वेल्डिंगवाला म्हणाला.

दुसऱ्या चाचणीला हळदीची दोन अर्धी पोती केली, एक डावीकडं, एक उजवीकडं. बंजारा तांड्यावरचा एक म्हातारा बघून खूश झाला. म्हणाला, "आमचे वाडवडील बैलाच्या पाठीवर अशाच गोण्या टाकत. दोन्हीकडं बराबर." गाडी तर अशी चालली की काय सांगू! मी त्या हळदीला घेऊन आठवडाभर फिरलो. शेवटी शेवटी तर वळणावर हळद स्वतःहून कलायची.

नागपंचमीला माहेरी जायचं होतं. मी बायकोला अंगणात बोलावलं आणि सीटवर हात मारला. "बस. पाय लागले न्हाईत तर जीपनं जा. मी परत तोंडातून शब्द काढनार न्हाई."

हे बोललो खरं, पण सीटवरचा हात काही काढला नाही. ती आज उठून जीपकडं गेली असती तर रिकामी सीट जन्माची माझ्या मागं लागली असती.

तिनं रोह्याची आठवण झाल्यासारखं रस्त्याकडं दोन्ही बाजूंना पाहिलं. नवं लुगडं, खांद्याला पिशवी, कडेवर आईसाठी घेतलेलं हे एवढं काशीफळ, लाल भोपळा. गल्ली गोळा झालेली. ती आली आणि बसली. एका बाजूनं बसली.

आमच्याकडं बाई गाडीवर एकाच बाजूनं बसते, डाव्या. हे मला लग्नापासून माहीत होतं. हळदीला माहीत नव्हतं.

मी खटका दाबला. गाडी निघाली आणि डावीकडं वळली. मी हँडल उजवीकडं ओढलं, गाडी डावीकडंच. दारच्या कडुलिंबाला एक फेरी झाली, दुसरी झाली. लिंबाला फेऱ्या घालणारं दुसरं जोडपं गावानं पाहिलं नसेल. वडील ओट्यावरून ओरडत होते, पण लोकांच्या हसण्यात काही ऐकू येईना. तिसऱ्या फेरीला गाडी लिंब सोडून सरळ आमच्या डोंगराकडं निघाली.

पुढचं मला नंतर कळलं. बायकोनं दोन्ही पाय भुईला टेकवले आणि उभी राहिली. बस्स. गाडी तिच्या खालून निसटली आणि मला घेऊन उकिरड्यात गेली.

मी मान वर केली तर सगळी गल्ली तिच्याकडं बघतेय. ती मधोमध उभी. पिशवी खांद्यावर, काशीफळ कडेवर, लुगड्याला एक डाग नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही जीपनंच जाणार, आणि परत यायचं का नाही तेही तिथंच ठरवणार.

तिनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आणि हसायला लागली. अशी हसली की तिला काशीफळ खाली ठेवावं लागलं.

"लागले की हो पाय!" ती म्हणाली. "पडले तर तुमी पडता. मी उभीच राहते. चांगली हाय की गाडी!"

"बसतीस?"

"आधी आंघोळ करा. आन हे फळ उजवीकडं बांधा. सगळा भार माझ्याकडं आला तर गाडी काय करनार बिचारी?"

न्हाऊन आल्यावर बॅटरी दांड्यावरून काढून उजव्या बाजूला ट्यूबच्या पट्टीनं आवळली, तिच्याखाली काशीफळ. डावीकडं तिच्या पायांसाठी फळी ठोकली. आणि निघालो. पहिल्या वळणावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोडून जुळलेला तोच हात. मी नजर वाटेवर ठेवली. वळून बघितलं असतं तर गाडी परत लिंबाकडं गेली असती.

वाटेत काळीपिवळी आम्हाला मागं टाकून गेली. नरसीच्या अलीकडच्या चढाला मोटार कण्हायला लागली. एकदम गाडी हलकी झाली. वळून बघतो तर ही उतरून सीटला हात लावून शेजारून चालतेय. चढ संपला तशी परत बसली. एवढा डौल मी राणीतही पाहिलेला नाही, आणि मी राण्या पुष्कळ पाहिल्यात.

माहेरी अंगणात सगळ्या बायका जमल्या. मी रोह्यापासून सुरुवात करायला तोंड उघडलं, पण तिनं आधीच सांगायला सुरुवात केली होती. "चढाला गाडी बंद पडली. हे बसलेलेच. मी एका हातानं गाडी, एका हातानं ह्यांला, असं वर आनलं." माझ्या मेव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं. "व्हय का दाजी?"

"व्हय," मी म्हणालो. संध्याकाळी परत जायचं होतं आणि मागं ती बसायला पाहिजे होती.

सासूबाईंनी काशीफळ सोडवून हातात घेतलं, वजन बघितलं, खूश झाल्या. "आज पंचमी, इळी लावायची न्हाई. उद्या चिरते."

आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नगा!"

"काहून?"

बायकोनं शांतपणे ते फळ आईच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडं दिलं. "ते खायचं न्हाई, आई. ते गाडीचं हाय."